रविवारी उपवास नसतो

१७ फेब्रुवारी, मंगळवार
पहिल्या तासाला जुजे पुन्हा झोपला. तिसरा बाक, भिंतीकडची जागा, डोकं भिंतीला. पहाटे पाचला ग्राउंडवर धावतो, आठला माझा इतिहासाचा तास. मी उठवत नाही. पोरं हसतात, मग विसरतात. तीन वर्षं हा मुलगा माझ्या वर्गात झोपतोय आणि कॉलेजच्या कागदांवर मी त्याची पालक-शिक्षक.
खेळाचे घरत सर स्टाफरूममध्ये खुशीत होते. खेळाडूंना मदत करणाऱ्या ट्रस्टवाल्यांची निवड चाचणी ईस्टरनंतरच्या शनिवारी, आपल्याच ग्राउंडवर. जुजे निवडला गेला तर पुढची दोन वर्षं शिक्षण, राहणं, खाणं सगळं त्यांचं. नाही गेला तर शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन कर्नाटकात हल्याळला परत. सुपारीच्या बागांत मजुरी, वडील करतात ती. मधलं काही नाही.
घरी लेकीची, सईची, बारावीची परीक्षा सुरू. तिला दूध देताना माझ्याच हातून ग्लास पडला. कंटाळा आलाय म्हणावं तर कशाचा ते सांगता येत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार
राखेचा बुधवार. जुजे कपाळावर राख लावून वर्गात. आज जागा होता. तास संपल्यावर थांबला.
"मॅडम, मी ईस्टरपर्यंत धावणार नाही."
दुखतंय का काही, विचारलं. नाही म्हणाला. उपवासकाळ आहे. आपल्याला सगळ्यात आवडतं ते सोडायचं असतं.
"आमच्या घरमालकीण मार्था मावशीनं चहा सोडला. तिच्या नवऱ्यानं, अंकलनी, बाटली. माझ्याकडे सोडण्यासारखं दुसरं आहे काय?"
मी म्हटलं, गोड सोड. म्हणाला, गोड आवडत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्र.
घ. सरांना कळलं. ओरडले नाहीत, खाली बसले. बाजूच्या खुर्चीवर रिझवानची किट. तो चांगला लांब उडीवाला, त्याचा रोजा कालपासून.
"मॅडम, एकाचा रोजा, एकाचा उपास. माजी टीम देवांनीच वाटून घेतली."
मग हळू आवाजात, "पोर हाताशी आलाय. तुमी सांगा त्याला, तुमचं ऐकतो."
माझं कोण ऐकतं. घरात मुलगी ऐकत नाही.

२३ फेब्रु., सोम.
कॉलेजनंतर मार्था मावशींकडे, वसईतच. जुजेला पहिल्या वर्षी विरारला आमच्या मनवेलपाड्यात खोली बघितली होती, ॲडव्हान्स द्यायची तयारी होती. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, परदेशी लोकांना देत नाही. हा कर्नाटकातला सिद्दी, रंगाने नि केसांनी आफ्रिकेतला वाटतो एवढंच, म्हटलं. ते हसले, "मॅडम, तुम्हाला फसवतोय." मग त्याच्या चर्चच्या फादरांनी मार्था मावशींचं नाव सुचवलं. वाडी, मोगरा, मागे एक खोली. मावशींनी फक्त एवढंच विचारलं होतं, भात किती खातो.
मावशींना वाटतं, पोराने मोठं काम केलं. "आमी काय सोडतो बाय, चहा नि मटन. यानं पाय सोडले." आता धावायचं नाही तर पहाटे त्यांच्याबरोबर मोगऱ्याच्या कळ्या खुडतो. उजाडायच्या आत टोपल्या भरून दादरच्या फुलबाजाराला जायला हव्यात. मावशी म्हणतात, हात लांब आहे, माझ्या दुप्पट खुडतो, पण गातो फार.
काय गातो? त्यांच्या वस्तीतलं कोंकणी काहीतरी. मावशींना निम्मं कळतं.
तीन वर्षांत मी त्याला गाताना ऐकलेलं नाही.

२७ फेब्रु., शुक्र.
अंतोनचा फोन. जुजेचा मामेभाऊ, माझा पहिला सिद्दी विद्यार्थी. चारशे मीटर धावायचा. दुसऱ्या वर्षात खेळाडू म्हणून रेल्वेत लागला, डिग्री राहिली ती राहिलीच. आता गुडघा गेला, तिकीट तपासतो.
"मॅडम, त्याला सांगा पाय आहेत तोवर खाऊन घे. डिग्री कुठं पळते?"
मी विचारलं, तुझं कसं चाललंय.
"काळा कोट घालून उभा राहतो. तिकीट मागितलं की आधी लोक माझंच कार्ड मागतात. मी दाखवतो. मग ते दाखवतात. रोजचं आहे."
हसत सांगितलं. मीही हसले.

२ मार्च, सोम.
जुजे सलग आठवडाभर जागा. आज हात वर केला. पोरांनी मागे वळून बघितलं, जणू भिंत बोलली. मी वसईच्या किल्ल्याबद्दल सांगत होते, पोर्तुगीज काळ, इमारतींची नावं.
"मॅडम, दगड कोणी वाहिले?"
वेठीचे मजूर, गुलाम, म्हटलं.
"गुलाम कुठले?"
माझी तयारी नव्हती. आफ्रिकेतूनही आणलेले होते, म्हटलं, गोव्यात तसे इथेही. त्याने मान हलवली आणि लिहून घेतलं. याला लिहिताना बघितलं तेव्हा लक्षात आलं की तो डावखुरा आहे.

४ मार्च, बुध.
धुळवड. खाली पोरांचा दंगा. जुजे सईसाठी मोगरा घेऊन आला होता, जिन्यातच सापडला. वरच्या मजल्यावरचा मुलगा, "याला कुठला रंग लावायचा, दिसणार नाही." जुजे म्हणाला, "पांढरा लाव. राखेचा चालतो, दोन आठवड्यांपूर्वी ट्राय केलाय." पोरांना कळलं नाही, पण हसली. हा घरात येऊन चूळ भरून बसला. सईला फिजिक्समधला एक प्रश्न अडला होता, तो त्यालाही आला नाही. दोघं मिळून पुरणपोळी खात बसले.

७ मार्च, शनि.
आज जे झालं ते लिहून ठेवायलाच हवं. घ. सर जूचंद्र गावचे आगरी. नवस, कौल, सगळं त्यांना ठाऊक. त्यांनी सरळ नारळ घेतला आणि मला सोबत घेऊन जुजेच्या चर्चला. फादर बागेत पाणी घालत होते.
"फादर, पोराचा उपास माज्या नावावर करा."
फादरांना कळेना. सर म्हणाले, आमच्यात एकाचा नवस दुसरा फेडतो. घरातला माणूस आजारी असला की भाऊ फेडतो. "त्याच्या बदली मी सोडतो. ईस्टरपर्यंत मासळी बंद. पोराला मोकला करा."
आगरी माणूस मासळी सोडतो म्हणतोय. चेष्टा नव्हती.
फादर हसले नाहीत, त्याबद्दल त्यांचे आभार. म्हणाले, उपास मी घातलेला नाही सर, मी कसा सोडवू. तो त्याचा आणि देवाचा प्रश्न आहे. नारळ घेतला, पाणी पाजलं. आणि दाराशी निरोप देताना सहज, "बाकी रविवार त्यात धरत नाहीत. रविवारी उपवास नसतो. रविवारी सोडलेलं घ्यायला हरकत नाही."
सर जागच्या जागी थांबले. "मंजे रविवारी धावू शकतो?"
"धावू शकतो."
रिक्षात सर स्वतःशीच हिशेब करत होते. मग म्हणाले, "तरी मी मासळी सोडली ती सोडली. बोललो देवासमोर." थोड्या वेळाने, "रविवार सोडून."

८ मार्च, रवि.
जुजे सरांच्या आग्रहाने ग्राउंडवर. धावला. मी सईला अभ्यासाला बसवून गेले होते. सर दोरी ओढल्यासारखे कडेकडेने त्याच्याबरोबर पळत होते. चांगला धावला म्हणतात. मला कळत नाही. मला नेहमी फक्त तो दमलेला दिसतो.
सर घरी जाताना खुश. आज बोंबील आहेत म्हणाले.

१२ मार्च, गुरु.
संध्याकाळी जुजेचा फोन, "मॅडम, जरा येता का." पुलाजवळ दोन पोलिसांनी त्याला बसवून ठेवलेलं. पासपोर्ट मागत होते. आधार दाखवलं तर खोटं म्हणाले. मराठी बोलतोय म्हणून जास्तच संशय.
मी म्हटलं, मी याची पालक आहे. पोलिसाने मला वरून खाली बघितलं. "आई?"
जुजेला हसू आवरेना. मलाही. मग तो पोलीसही हसला आणि सोडलं. अपमान असा हसून संपतो तेव्हा घरी येताना जड होतो.
रस्त्यात विचारलं, असं नेहमी होतं? पूर्वी सांगितलं नाहीस.
"पूर्वी मी चालत नव्हतो, मॅडम. ग्राउंड, वर्ग, खोली. ट्रॅकसूट घालून पळत गेलं की कोण विचारतं? लोकांना कळतं हा कशासाठी आहे. आता चालतो, तर विचारतात."

१५ मार्च, रवि.
सकाळी धावून आला, मग म्हणाला किल्ला दाखवा. शिकवते पण मीच कितीतरी वर्षांत आत गेले नव्हते. ऊन. जोडपी फोटो काढत होती, एकाने जुजेबरोबर सेल्फी मागितला, वेअर आर यू फ्रॉम. "हल्याळ," हा म्हणाला. "ओ, नाइस कंट्री."
पडक्या चर्चच्या सावलीत बसलो. विचारत होता, इथे आणलेल्या त्याच्या लोकांची नावं कुठे लिहिलेली आहेत का. मी म्हटलं, असली तर मालकांच्या कागदांत, त्यांनी ठेवलेली नावं. कोणीतरी पोर्तुगीज शिकून नीट बघायला हवं. फार कोणी बघितलेलं नाही.
"म्हणजे आम्ही इथे तुमच्या सोसायटीच्या आधीपासून आहोत."
"बरेच आधीपासून."
"मग सेक्रेटरीला सांगा, जुना भाडेकरू आहे."
येताना बोलला नाही. बसस्टॉपवर एकदम, "पोर्तुगीज शिकायला किती वर्षं लागतात?"

२० मार्च, शुक्र.
पाडवा काल झाला, आज कॉलेज. प्राचार्यांकडे गेले. जुजेला इतिहासात एम.ए. करायचं आहे, न धावता काही सोय होईल का. ते चांगले गृहस्थ आहेत, म्हणून जास्त लागतं. "मॅडम, त्या मुलांना देवाने शरीर दिलंय. त्यात त्यांचं भलं आहे. पळू द्या." ट्रस्टच्या बाईंना फोन केला. गोड आवाज. आमची मदत खेळाडूंसाठी असते ताई, इतिहासासाठी दुसरी कोणी संस्था असेल.
असेल. मी आठ ठिकाणी विचारून थकले. सिद्दी म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागते. हल्याळला त्यांना आदिवासी म्हणून सवलत आहे, इथे तो दाखला चालत नाही. राज्याची हद्द ओलांडली की माणूस बदलतो.
सईचे पेपर संपले. दिवसभर झोपली. मीही तिच्या शेजारी जरा आडवी झाले, तर पाच वाजले.

२३ मार्च, सोम.
जुजे सकाळी स्टाफरूमच्या दाराशी. कोणी नव्हतं.
"मॅडम, माझा उपवास खोटा आहे."
का?
"मावशी शनिवारपासून रविवारची वाट बघते. सकाळी चर्चमध्ये मिस्साला जायच्या आधी चहाचं आधण ठेवते. अंकल तर शनिवारीच ग्लास धुऊन पालथा घालतात. सरांच्या घरी बाजार होतो. रविवारी सगळ्यांचं सोडलेलं परत येतं म्हणून सगळे खुश. मी वाट बघत नाही. रविवारी मी बुटाच्या नाड्या बांधायलाच अर्धा तास लावतो. मला सोमवार आवडतो. कळ्या, मग तुमचा तास."
फादरांना सांगितलंस?
"कन्फेशनला सांगितलं. मी देवाला आवडीचं देतो म्हणालो आणि नावडतं दिलं. फादर म्हणाले, मग जे आवडतं ते शोध. ते प्रायश्चित्त."
घंटा झाली. त्याचा वर्ग, माझा वर्ग.

२९ मार्च, रवि.
झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. जुजे ग्राउंडवर गेला नाही. झावळी घेऊन मिरवणुकीत चालला, मग वाडीत. घ. सरांचा फोन मला. चिडले नव्हते, तेच वाईट.
"मॅडम, मी वीस वर्षं पोरं पलवतो. असा पाय एकदा येतो. माज्या पोरालाबी एवढं नसतं सांगितलं." आणि मग, "आज मासळी आनली होती. बायकोनं केली. मी शेजारी देऊन टाकली."
नवरा, अविनाश, जेवताना म्हणाला, तू कोणाच्या बाजूने आहेस नक्की? मी म्हटलं, भाजी वाढू का.
खरं तर माहीत नाही. न धावता त्याला इतिहास मिळणार नाही. धावला तर इतिहास झोपेत जाणार.

३ एप्रिल, शुक्र.
उत्तम शुक्रवार. सुट्टी. मार्था मावशींच्या गावात क्रुसाच्या वाटेची मिरवणूक होती, सई म्हणाली बघायला जाऊ. जुजे गर्दीत एका वाकलेल्या म्हातारीचा हात धरून चालत होता. म्हातारी त्याला सारखं काहीतरी सांगत होती. नंतर कळलं, ती त्याला तिच्या मेलेल्या मुलाच्या नावाने हाक मारते. तो ओ देतो.
त्या रस्त्यात त्याला कोणी पासपोर्ट विचारला नाही.

५ एप्रिल, रवि.
ईस्टर. मावशींकडे जेवण. चहा तीनदा झाला, मावशी प्रत्येक घोटाला डोळे मिटत होत्या. घ. सर आले, सुरमई घेऊन. जुजेने उठून त्यांच्या हातातली पिशवी घेतली. दोघं एकमेकांच्या ताटात वाढत राहिले. काटे सरांनी काढून दिले त्याला, लहान मुलाला देतात तसे. त्याला येतात काढता.

८ एप्रिल, बुध.
तीन दिवसांवर चाचणी. उजळणीचा तास संपल्यावर जुजे थांबला. जागा होता, पण डोळे वाईट.
"तुम्ही सांगितलंत तर धावतो. तुम्ही नको म्हणालात तर नाही."
इतक्या वर्षांत मला इतका कोणी भार दिला नसेल. मी म्हटलं, मला विचारू नकोस. लगेच वाटलं, हे चुकलं. हो म्हणाले तर अंतोन. नको म्हणाले तर सुपारीच्या बागा.
त्याने डस्टर उचलून फळा पुसायला घेतला. पुसायचा राहिला होता.
"सरांनी माझ्यासाठी मासळी सोडली," म्हणाला. "एकदा तरी धावायला पाहिजे."

१० एप्रिल, शुक्र.
काही नाही. पेपर तपासले. पाठ दुखते.

११ एप्रिल, शनि.
चाचणी झाली.
ऊन वाढायच्या आत सुरू केली. बाहेरगावची मुलं, नवे बूट. ट्रस्टच्या गोड आवाजाच्या बाई, छत्री, सोबत दोन माणसं. मार्था मावशी नि अंकल पण आले होते, डब्यात काहीतरी घेऊन. आठशे मीटर. जुजे पहिल्या फेरीत मधोमध होता, माझी छाती जरा हलकी झाली. हे लिहायला नको, पण झाली. म्हटलं, होऊ दे चौथा-पाचवा, प्रश्नच सुटला.
दुसऱ्या फेरीत तो सुटला. ओढाताण नाही, तोंड वाकडं नाही. रस्ता मोकळा दिसला म्हणून जावं तसा गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो मला दमलेला दिसला नाही.
घ. सरांनी घड्याळ बघितलं, मग माझ्यासमोर धरलं. मला आकडे कळत नाहीत.
"याच्या आधी कंदीच नाय," म्हणाले. "कंदीच. मॅडम, मीच पोराला थकवत होतो. पायाला झोप पायजे होती." आणि रडायला येऊ नये म्हणून रिझवानवर ओरडले.
बाईंनी तिथेच सांगितलं. घेतला. अट साधी. उद्या पहाटेपासून दोन वेळचा सराव घ. सरांकडे, जूनमध्ये पुण्याला त्यांच्या शिबिरात. एम.ए. बाहेरून, पत्राने. उद्या हजर नसेल तर पुढच्या नंबरवाल्याला बोलावणार, तो थांबलाय इथेच. मी विचारलं, शिबिरात राहून कॉलेजात जाता येईल का. बाई म्हणाल्या, ताई, वेळच कुठे उरतो मुलांना.
जुजेला सगळ्यांनी उचललं. पेढे. अंतोनला व्हिडिओ कॉल, पलीकडे काळ्या कोटात तो, नाचत होता. मागचे प्रवासी बघत होते.
गर्दी कमी झाल्यावर मी नळाशी गाठलं त्याला. तोंड धूत होता.
"सर विचारत होते उद्या पाचला येणार ना. मी हो म्हणालो."
बरं, म्हटलं.
"मावशी पण विचारत होती. उद्या मोगरा फार आहे, अंकलची कंबर धरलीय, पाचला येणार ना. तिला पण हो म्हणालो."
मग?
त्याने ओंजळभर पाणी डोक्यावर मारलं. "मग काय. उद्या रविवार."
तेवढंच म्हणून गेला. मावशींचा डबा उचलला एका हातात, सरांची किट दुसऱ्या.
घरी आले. सई म्हणाली, आई, फोन करून विचार ना उद्या सकाळी. नाही करणार. पाचला मी इथे विरारात, तो तिथे वसईत. कुठे गेला ते मला कोणी सांगायची गरज नाही.
सोमवारी पहिला तास माझाच आहे. तिसरा बाक, भिंतीकडची जागा. झोपलेला असेल किंवा जागा असेल.